स्वतःचे साहेब कसे व्हावे : नवशिक्यांसाठी दहा पायऱ्या

ही मार्गदर्शिका कोणासाठी?

रविवारी रात्री जेवता जेवता "बस्स झालं, आता स्वतःचं काहीतरी सुरू करायचं" असं म्हणून सोमवारी सकाळी नेहमीची लोकल पकडणाऱ्या माणसासाठी. जो सोमवारी खरोखरच लोकल पकडत नाही त्याला मार्गदर्शनाची गरज जास्त असते, पण त्याला वाचायला वेळ नसतो.

सोयीसाठी एकच धंदा धरून चालू : पोळी-भाजी केंद्र. ठाणे, डोंबिवली, कोथरूड, जिथे तुम्ही असाल तिथे. या धंद्याला शिक्षण लागत नाही असा समज आहे, भांडवल फारसं लागत नाही असाही समज आहे, आणि "माणसं जेवायची थोडीच थांबणार?" या प्रश्नाला आजवर कोणत्याही नातेवाइकाला उत्तर देता आलेलं नाही. तुमचा बेत शिकवणीचा, रिक्षाचा किंवा घरबसल्या डिझाइनचा असेल तरी पायऱ्या याच. पोळीच्या जागी आपापला माल घालावा.

एकटं पडण्याची भीती बाळगू नका. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या श्रमबल सर्वेक्षणानुसार देशात काम करणाऱ्यांपैकी ५८.४ टक्के लोक स्वयंरोजगारात आहेत. नियमित पगारवाले अवघे २१.७ टक्के. म्हणजे पहिल्या तारखेला ज्याच्या खात्यात पैसे जमा होतात, तो या देशात अल्पसंख्य आहे. या ५८.४ टक्क्यांत शेतकरी आहेत, वकील आहेत, सनदी लेखापाल आहेत, सिग्नलला गजरे विकणारी बाई आहे. सगळे एकाच रकान्यात. सर्वेक्षणाच्या साप्ताहिक मोजणीत आठवड्यातल्या कोणत्याही एका दिवशी तासभर काम केलं तरी माणूस रोजगारात धरला जातो. २०१८ मध्ये भजी तळणं हा रोजगार मानायचा की नाही यावरून देशभर रण माजलं होतं. मोजणाऱ्यांच्या लेखी तो वाद आधीच मिटलेला होता.

साहित्य

गाळा – एक, भाड्याचा. डिपॉझिट – गाळामालक म्हणेल तेवढं. तवे, पराती, शेगडी – जुन्या बाजारातून. व्यावसायिक सिलिंडर – १९ किलोचा, घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर गाळ्यात लावणं बेकायदा आहे. वही – एक, दोनशेपानी. आत्मविश्वास – पहिल्या तिमाहीपुरता. घरची मदत – चवीपुरती. पुढे लागेल तशी वाढवावी.

पायरी १ : कारण निवडा

"चांगली नोकरी का सोडली?" हा प्रश्न पहिल्या दिवसापासून येणार, तेव्हा उत्तर तयार ठेवा. प्रचलित कारणं चार आहेत.

*कारण अ : "कोणाच्या हाताखाली राबणं आपल्या रक्तात नाही."* हे सर्वांत भारदस्त. आधाराला लक्ष्मणराव किर्लोस्करांचं नाव घ्यावं. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये ते शिकवत होते. हक्काची बढती त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन गृहस्थाला दिली, तेव्हा त्यांनी नोकरीला रामराम ठोकला आणि बेळगावच्या सायकलींच्या दुकानात लक्ष घातलं. पुढे लोखंडी नांगर आला, १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. गोष्ट सांगताना एवढंच गाळा, की लोखंडानं जमीन नासते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळे पहिला नांगर खपायलाच दोनेक वर्षं लागली. ती दोन वर्षं कशी काढायची हे कोणी विचारत नाही आणि आपणही सांगू नये.

*कारण ब : "मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळता येतात."* हे फक्त बायकांनी द्यायचं असतं. पुरुषानं दिल्यास आजारी आहे का म्हणून चौकशी होते.

*कारण क : "घरचाच धंदा आहे."* भाग्यवानांचं कारण. ब्लँचफ्लॉवर आणि ऑस्वाल्ड या दोन अर्थतज्ज्ञांनी १९९८ मध्ये ब्रिटनमधल्या तरुणांची माहिती चाळली. ज्यांना वारशात किंवा भेट म्हणून पाच हजार पौंडांच्या आसपास रक्कम मिळाली होती, ते स्वतःच्या धंद्यात असण्याची शक्यता इतरांहून बरीच जास्त निघाली. धाडसी स्वभावाचं मूळ शोधायचं तर माणसाच्या पत्रिकेआधी त्याच्या वडिलांचं पासबुक पाहावं.

*कारण ड : "दुसरं काही मिळालं नाही."* हे खरं असलं तरी मोठ्यानं म्हणू नये. राज्यात २०२३ मध्ये तलाठ्याच्या साडेचार हजारांवर जागा निघाल्या आणि दहा लाखांहून जास्त अर्ज आले. ज्यांना ती जागा मिळाली नाही, त्यांच्यातले सगळेच काही घरी बसले नाहीत. कोणी मोबाइल दुरुस्तीचं टेबल टाकलं, कोणी शिकवणी काढली, कोणी चहाचा गाडा लावला. त्याही आधी, १८ जानेवारी १९८२ ला मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते, आणि तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. पुढे लालबाग-परळच्या पदपथांवर भाजी, वडापाव आणि सुटे कपडे विकणारे जे 'उद्योजक' उभे राहिले, त्यांना जोखीम पत्करण्याची आवड होती असं म्हणणं धाडसाचं होईल.

मुंबईत जन्मलेले, मराठी आईचे चिरंजीव, अर्थतज्ज्ञ अभिजित बॅनर्जी यांनी एस्थर डुफ्लो यांच्यासह लिहिलेल्या 'पुअर इकॉनॉमिक्स' या पुस्तकात अशा नाइलाजाच्या धंदेवाल्यांवर एक आख्खं प्रकरण आहे. गरीब माणूस जात्याच उद्योजक असतो, या लाडक्या कल्पनेला त्यांनी एका साध्या प्रश्नानं टाचणी लावली : तुमच्या मुलानं काय व्हावं? गरीब आईबापांचं ठरलेलं उत्तर, सरकारी नोकर.

मग ज्यांच्यापुढे नोकरीचा पर्याय असतो तेही धंद्यात का येतात? पैशासाठी, असं समजत असाल तर अर्थतज्ज्ञ बार्टन हॅमिल्टन यांचा २००० सालचा अमेरिकेतला अभ्यास वाचू नका. दहा वर्षं धंदा केल्यानंतरही मधल्या फळीतल्या धंदेवाल्याची कमाई, तो नोकरीत राहिला असता तर मिळाली असती त्याहून ३५ टक्क्यांनी कमी होती. तरी माणसं टिकून राहतात. मान खाली घालून "येस सर" म्हणावं लागू नये याची ही किंमत, आणि ती हौसेनं मोजली जाते. कारण कोणतंही निवडा. फक्त अ सांगताना मनात ड असेल तर वहीत ड लिहून ठेवा. पायरी १० ला लागेल.

पायरी २ : भांडवल गोळा करा

मुद्रा योजना ८ एप्रिल २०१५ पासून सुरू आहे. तिच्यात शिशू, किशोर, तरुण अशा पायऱ्या आहेत; ५० हजारांपर्यंतचं कर्ज घेणारा शिशू. वय पंचेचाळीस असलं तरी अर्जावर आपण शिशूच असतो, यात कमीपणा मानू नये. या कर्जाला तारण लागत नाही. बँकेत गेल्यावर तुम्हाला तारण काय आहे असं विचारलं जाईल. तारण लागत नाही, असं नम्रपणे सांगा. मग मागल्या तीन वर्षांची विवरणपत्रं विचारली जातील. धंदा आत्ता सुरू करतोय, असं सांगा. धंदा सुरू झाला की या, असं उत्तर मिळेल.

म्हणून खरं भांडवल पुढील क्रमानं उभं राहतं : नोकरी सोडल्यावर हाती आलेला पीएफ, बायकोच्या पाटल्या, मेहुणा, भिशी. पाटल्यांबद्दल वहीत 'सोने तारण' असं लिहितात. कोणाचं सोनं हे लिहायची पद्धत नाही. मेहुण्याला 'स्लीपिंग पार्टनर' म्हणतात. तो सोडून बाकी सगळ्यांची झोप उडालेली असते.

पायरी ३ : कागद करा

कागदपत्रांना उगाच घाबरतात. 'उद्यम' नोंदणी १ जुलै २०२० पासून ऑनलाइन आणि पूर्ण मोफत आहे. एजंट हजार-दोन हजार घेतो ते मोफत आहे हे न सांगण्याचे. खाद्यपदार्थांच्या छोट्या धंद्याची नोंदणी वर्षाला १०० रुपयांत होते. गुमास्ता लायसन्सचं म्हणाल, तर हाताखाली मोजकीच माणसं असतील त्याला राज्याच्या २०१७ च्या कायद्यानं रीतसर नोंदणीतून मोकळं केलं आहे, नुसती सूचना दिली की झालं. पाटी मात्र मराठीतच हवी, देवनागरीत. दुकान कितीही छोटं असलं तरी. सेवेचा धंदा असेल आणि उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर सर्वसाधारणपणे जीएसटीची नोंदणीही नको.

आता पाटीवर नाव टाका. बहुतेक वेळा तिथे धाकट्या मुलीचं किंवा कुलदैवताचं नाव येतं, खाली 'प्रोप्रायटर' म्हणून तुमचं. पोळ्या कोण करतं याची माहिती पाटीवर देणं कायद्यानं बंधनकारक नाही.

पायरी ४ : भाव ठरवा

इथे थोडी थिअरी लागेल. रिशार कँटिलॉन नावाचा आयर्लंडचा एक सावकार पॅरिसमध्ये राहत असे. त्याचा अर्थशास्त्रावरचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर वीसेक वर्षांनी, १७५५ मध्ये छापला गेला. राजा आणि जमीनदार सोडले तर उरलेल्यांचे त्यानं दोनच वर्ग पाडले : ज्यांची मिळकत ठरलेली आहे ते, आणि जे ठरलेल्या भावानं घेऊन न ठरलेल्या भावानं विकतात ते. सेनापतीपासून मोलकरणीपर्यंतचे पगारी लोक पहिल्या वर्गात. शेतकरी, वाणी, कारागीर दुसऱ्या वर्गात. वर्गवारी पुरी करण्याच्या भरात त्यानं भिकारी आणि दरोडेखोरही दुसऱ्याच वर्गात घातले, कारण आज किती हाती लागेल हे त्यांनाही ठाऊक नसतं. उद्योजकतेवरच्या व्याख्यानांत कँटिलॉनचं नाव आदरानं घेतलं जातं. हा भाग वेळेअभावी राहून जातो.

कँटिलॉन तुमच्या गाळ्यात असा दिसतो. गव्हाचं पीठ, तेल, गॅस, भाडं यांचे भाव सकाळी सहाला पक्के असतात. संध्याकाळी आठला किती पोळ्या खपतील ते पक्कं नसतं. पाऊस धो धो लागला की ऑफिसवाले घरीच थांबतात. संकष्टीला निम्मं गिऱ्हाईक उपासाला. नवरात्रात नऊ दिवस साबुदाण्याची मागणी, आणि तुम्ही कणीक मळून बसलेले. उलट ज्या दिवशी तुम्ही शहाणपणानं कमी पोळ्या कराल, त्या दिवशी समोरच्या सोसायटीत कोणाकडे तरी पाहुणे येतील.

शेजारच्या बँकेतला कारकून ही अनिश्चितता सोसत नाही. पाऊस पडो, गिऱ्हाईक न येवो, त्याचा पगार तोच. गाळामालकाचं भाडंही तेच. सगळ्यांनी आपापल्या वाट्याची उद्याची काळजी उतरवून ठेवायची, आणि ती जो उचलतो त्याला स्वयंरोजगारित म्हणायचं. बदल्यात कधीतरी दिवाळीत दोन दिवस बरे जातात.

उरलेल्या पोळ्यांचं काय करावं? फोडणीची पोळी. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्यांनी खावी. अर्थशास्त्रात नुकसान सोसणं म्हणतात, तो प्रकार इथे कढीपत्ता आणि शेंगदाणे घालून करता येतो.

पायरी ५ : साहेब मोजा

तुम्ही एका साहेबाला कंटाळून बाहेर पडलात. आता कागद घ्या आणि नवे साहेब लिहा. गाळामालक. बँकेचा हप्ता. भाजीवाला, ज्याची उधारी थकली की तो चांगली मेथी दुसऱ्याला देतो. महापालिकेची गाडी. डबा पोचवणारा पोरगा, जो तुमचा नोकर असून तुम्हीच त्याच्या मूडकडे पाहून बोलता. आणि कोणीही गिऱ्हाईक, ज्याला "आज भाजी अळणी होती" एवढं लिहून खाली एक तारा द्यायला अर्धा मिनिट पुरतो.

त्यात फोनवरून ऑर्डर घेणारी ॲप्स आली. ती कमिशन कापतात, सवलत तुमच्या खिशातून द्यायला लावतात आणि तुम्हाला 'पार्टनर' म्हणतात. त्यांचा डबा नेणारा मुलगाही 'पार्टनर'च. निती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात अशा गिग कामगारांची संख्या २०२०-२१ साठी ७७ लाख धरली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज होता. या मुलाला वेळ कोण नेमून देतं? ॲप. दर? ॲप. चुकला तर दंड? तोही ॲप. अपघात झाला की मात्र तो ज्याचा त्याचा मालक. तुमच्या दारात तो पार्सलची वाट पाहत उभा असेल तेव्हा त्याला पाणी विचारा. दोघेही एकाच फोनच्या आवाजावर दचकता.

पायरी ६ : उधारी द्यायला शिका

दोन-तीन महिन्यांत एखादी कंपनी रोज चाळीस डबे मागेल. हा सुवर्णक्षण असतो. बिल महिन्याच्या शेवटी, पैसे 'प्रोसेस झाल्यावर'. पीठवाला मात्र आठवड्याला हिशेब मागतो. म्हणजे कंपनीच्या जेवणाला कर्ज तुम्ही देताय, बिनव्याजी. शिशूनं एवढ्या मोठ्या कंपनीला कर्ज द्यावं, हा अभिमानाचाच विषय.

कायदा तुमच्या बाजूनं आहे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावेत, उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्यावं, असं २००६ चा कायदा सांगतो. दाद मागायला परिषद आहे, तक्रारीचं पोर्टल आहे. तक्रार केलीत तर पैसे मिळण्याची शक्यता आहे आणि पुढच्या महिन्याचे चाळीस डबे दुसऱ्याला जाण्याचीही. नवशिक्यांनी कायदा छापून गल्ल्यामागच्या भिंतीवर लावावा. पाहायला बरा वाटतो.

पायरी ७ : आजारी पडू नका

आजारपणात आधार देणारी ईएसआयची योजना दहा कामगारांपासून लागू होते, पीएफची वीसपासून. तुमच्या गाळ्यात तुम्ही, पोरगा आणि घरची मदत. तेव्हा ताप आला तर क्रोसिन, आणि फारच आला तर घरची मदत वाढवा. ती पहाटे पाचला कणीक मळत होतीच. आता दुपारी काउंटरवरही बसेल.

संघटना करावी म्हणाल, तर तिथेही एक अडचण जुनी आहे. इला भट्ट यांनी १९७२ मध्ये अहमदाबादेत 'सेवा' ही स्वयंरोजगारी बायकांची संघटना कामगार संघटना म्हणून नोंदवायला नेली, तेव्हा कामगार खात्यानं हरकत घेतली : तुम्हाला मालकच नाही, मग भांडणार कोणाशी? संघटना मालकाविरुद्ध असण्यापेक्षा काम करणाऱ्यांच्या एकीसाठी असते, हे पटवून द्यावं लागलं तेव्हा कुठे नोंदणी झाली. ते खातं विचारत होतं तो प्रश्न मात्र खोटा नव्हता. भाव पडले, भाडं वाढलं, पाऊस लागला, तर मोर्चा कोणाच्या दारावर न्यायचा?

पायरी ८ : लग्न ठरवायचं असल्यास

आधी ठरवा, मग धंदा सुरू करा. "मुलगा काय करतो?" याला "स्वतःचा बिझनेस आहे" हे उत्तर दिलं की मुलीकडचे "छान, छान" म्हणतात आणि पोहे आवरते घेतात. वीस हजार पगाराचा पर्मनंट मुलगा चाळीस हजार सुटणाऱ्या गाळेवाल्याला या बाजारात सहज हरवतो. 'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी' ही म्हण आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केली. जावई निवडताना ती उलटीकडून वाचायची असते. यात मुलीच्या बापाचं चुकतं असं समजू नका. लग्नानंतर त्या गाळ्यात कोण बसणार आहे, याचा अंदाज त्याला तुमच्याआधी आलेला असतो.

पायरी ९ : अर्थव्यवस्थेचा कणा व्हा

आतापर्यंतच्या पायऱ्या नीट चढला असाल तर एखाद्या मेळाव्यात तुम्हाला 'अर्थव्यवस्थेचा कणा' म्हटलं जाईल. कण्याचं काम वाकणं आणि ओझं पेलणं. तेव्हा शब्द चपखल आहे. नेमकं काय पेलता ते समजून घ्या.

पहिलं ओझं बेकारीचं. २०२३-२४ मध्ये देशातला बेकारीचा दर ३.२ टक्के होता. एवढा कमी दर पाहून परदेशी माणूस चकित होईल. पण ज्या देशात बहुतेकांना बेकार भत्ता मिळत नाही तिथे बेकार राहणं हा श्रीमंतांचा शौक आहे. नोकरी गेलेला माणूस चार महिने वाट पाहत नाही, चौथ्या दिवशी गाडा लावतो आणि बेकारांच्या रकान्यातून स्वयंरोजगाराच्या रकान्यात जातो. सरकारचा एक पैसा खर्च होत नाही. जगभर पाहिलं तर देश जसजसा श्रीमंत होतो तसतसं स्वयंरोजगारितांचं प्रमाण साधारणपणे घटतं. अमेरिकेत ते दहात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी आहे, आपल्याकडे दहात जवळपास सहा. आपण अमेरिकेच्या सहापट उद्यमशील आहोत असा याचा अर्थ कोणी काढत असेल, तर त्याला मेळाव्याचं अध्यक्षपद द्यावं.

दुसरं ओझं स्वस्ताईचं. पोळी-भाजी केंद्राची पणजी म्हणजे गिरणगावातली खानावळ. कोकणातून आणि घाटावरून आलेला कामगार बायकामुलं गावी ठेवून चाळीतल्या खोलीत दहाजणांत राहायचा आणि शेजारच्या एखाद्या बाईकडे महिन्याच्या बोलीवर जेवायचा. ती वाण्याकडून उधारीवर धान्य आणायची, सावकाराकडून व्याजानं पैसे काढायची, आणि कामगाराचा पगार झाला की मग तिला पैसे मिळायचे. पगार लांबला की तिचं व्याज वाढायचं. त्या बाईच्या जिवावर कामगार कमी पैशांत जेवायचा, आणि कामगार कमी पैशांत जेवतो म्हणून गिरणीला कमी पगारात तो मिळायचा. मालकाच्या नफ्यात तिच्या चुलीचा वाटा होता, ताळेबंदात नव्हता. १९७५ मध्ये प्रेमाताई पुरव यांनी या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. सावकार सुटला, हीच केवढी मोठी गोष्ट ठरली.

आज गिरणीच्या जागी टॉवर आहेत आणि कामगाराच्या जागी लॅपटॉपवाला. त्याला साठ-सत्तर रुपयांत घरगुती जेवण मिळतं, दहा रुपयांत चहा, वीस रुपयांत इस्त्री. या सगळ्या स्वस्ताईमुळे त्याचा पगार पुरतो.

तिसरं, आणि भाषणात सर्वांत मोठ्यानं सांगितलं जाणारं काम म्हणजे रोजगारनिर्मिती. "नोकरी मागणारे नव्हे, नोकरी देणारे व्हा!" २०१३ च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशभरात सुमारे ५ कोटी ८५ लाख आस्थापना मोजल्या गेल्या. त्यातल्या जवळपास ७२ टक्के अशा, जिथे पगारी नोकर एकही नाही. नोकरी देणारे झालेत; ती घ्यायला स्वतःच बसलेत. किर्लोस्करवाडी होते, पण लाखात एखादीची. उरलेले त्याच गाळ्यात तीस वर्षं काढतात, मुलांना शिकवतात आणि मुलगा नोकरीला लागला की पेढे वाटतात.

पायरी १० : हिशेब करा

ही शेवटची पायरी बहुतेक जण चढत नाहीत, म्हणून ती मार्गदर्शिकांत नसते.

वही काढा. समजा तुम्ही महिन्याला २५ दिवस, दिवसाला ३०० पोळ्या विकता, आठ रुपयांना एक. ते झाले ६० हजार. भाजी-आमटीचे ३८ हजार. गल्ला ९८ हजार. भाडं, पीठ, तेल, गॅस, भाजी, पोरगा आणि हप्ता मिळून ६४ हजार गेले. उरले ३४ हजार. जुना पगार २६ हजार होता. आठ हजार जास्त सुटतात, शिवाय साहेब नाही. तुम्ही जिंकलात.

आता 'घरची मदत' हे पान उघडा. ते कोरं आहे. साहित्यात ती चवीपुरती होती; भांडवलात तिच्या पाटल्या होत्या; पहाटे पाचला तीच, तुम्हाला ताप आला तेव्हाही तीच. उद्या ती म्हणाली की मला जमत नाही, तर ३०० पोळ्या लाटायला बाई ठेवावी लागेल. समजा १४ हजारांवर. मग ३४ हजारांतून तुमचे २६ आणि तिचे १४ वजा करा. सहा हजारांचा खड्डा. तुमचा धंदा तोट्यात आहे, आणि तो तोटा कोणीतरी दरमहा भरून काढतंय, म्हणून तो दिसत नाही.

हे फक्त तुमच्या गाळ्यात घडत नाही. पहिल्याच पानावर दिलेला ५८.४ टक्क्यांचा आकडा २०१७-१८ मध्ये ५२.२ होता. सहा वर्षांत स्वयंरोजगार वाढला, असं भाषणात ऐकाल. आकडा फोडून पाहा. स्वतःच्या हिमतीवर धंदा करणारे आणि नोकर ठेवणारे मिळून तेव्हा ३८.६ टक्के होते, आता ३९.० आहेत. म्हणजे जिथल्या तिथे. वाढलाय तो दुसरा भाग : घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी मदत करणारे. १३.६ वरून १९.४. देशात काम करणाऱ्या दर तीन बायकांमागे एकीहून जास्त या भागात आहे. स्वतःचं साहेब होण्याची जी लाट आली म्हणतात, ती बरीचशी साहेबाच्या हाताखाली फुकट काम करणाऱ्यांची आहे, आणि साहेब तुम्ही आहात.

तेव्हा शेवटची कृती. कोऱ्या पानावर तिचं पूर्ण नाव लिहा. पहिल्या तारखेला १४ हजार तिच्या खात्यात भरा. 'घरातच आहेत की पैसे' असं म्हणू नका, कारण तुमचा जुना साहेब असं कधी म्हणाला नव्हता. पायरी १ ला मनातलं कारण वहीत लिहून ठेवलं असेल तर ते आता वाचा. दुसरी वाट नसलेल्यानं हा खड्डा पाहून गाळा बंद करायचा नसतो, बुजवायचा असतो. बुजवायला किती लागतं? महिन्याच्या साडेसात हजार पोळ्या, म्हणजे पोळीमागे ऐंशी पैसे. पुरा रुपया धरा. आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला पोळीमागे जवळजवळ रुपयाची सूट मिळत होती, आणि ती तुम्ही देत नव्हता.

पाटीवरचा आठ खोडून नऊ करा. "का हो, गहू महागला का?" असं कोणीतरी विचारेलच. "गहू तेवढाच आहे," म्हणावं, "वहिनींचा पगार सुरू झालाय."